कोरड्या अंगाचा जीवरक्षक

८ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी दोन ओळी, त्यातली एक हवामानाची. तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, खोटं कशाला बोलू. आईच्या दुखण्यात मी तुला मुद्दाम उशिरा कळवलं असं तुला वाटतं, आणि तू मुद्दाम उशिरा आलास असं मला वाटतं. ते तसंच राहू दे. त्यात शिरलो तर हेही पत्र पेटीत पडायचं नाही.

"अजून तिथेच का?" असं विचारलंयस. हो, तिथेच. त्याच ट्रस्टच्या जलतरण तलावावर, जीवरक्षक म्हणून. सकाळी बायकांच्या बॅचला शिकवते, उरलेला दिवस गळ्यात शिट्टी अडकवून काठावर. केसांचा क्लोरीनचा वास काही केल्या जात नाही. वहिनी म्हणायची ना, "वन्सं आल्या की घर आपोआप निर्जंतुक होतं." तिला सांग, अजून होतं.

"मी बरी आहे" एवढंच लिहून थांबणार होते. पण बरी नाहीये, आणि इथे ज्याच्याशी बोलावं तो मॅनेजरच्या मर्जीवर जगणारा. तू लांब आहेस, म्हणून तुझ्यापाशी ओकते.

आमच्या मॅनेजरने आपल्या मेहुण्याला जीवरक्षक म्हणून आणून बसवलाय. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. काळा चष्मा लावून उंच खुर्चीवर बसतो, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणतो. आम्हाला नोकरीवर घेताना तळाशी टाकलेली वीट वर काढून आणायला लावली होती. मी ती दोनदा काढली, कारण पहिल्यांदा साहेबांचं लक्ष फोनमध्ये होतं. गॉगलची परीक्षा बहुधा बहिणीकडे जेवणाच्या टेबलावर झाली.

त्याला पोहता येत नाही. बरं येत नाही असं नव्हे, मुळातच येत नाही. परवा उथळ बाजूला एक रबरी रिंग वाहत गेली, ती काढायला तो उतरला. छातीएवढं पाणी, तर कठड्याला दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखा आडवा आडवा सरकत होता. चेहरा पांढराफटक. वर आला आणि मला म्हणाला, "पाणी फार गार आहे आज." फरशी तापून आमचे तळवे भाजत होते.

मी सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, त्यांना पोहता येत नाही."

साहेब चहात बिस्किट बुडवत होते. "पोहायला तुम्ही आहात की मॅडम. तो लक्ष ठेवतो. लक्ष ठेवायलाही माणूस लागतोच."

"खोल बाजूच्या खुर्चीवर?"

"तिथे सावली असते हो. त्याला ऊन सोसत नाही."

तर सावलीची खुर्ची त्याला, उन्हाची मला. रविवारची सुट्टी त्याला, आणि त्याच्या वाटणीचं रविवारचं काम मला. दुपारी त्याची बहीण डबा घेऊन येते. खाली उभी राहून हाका मारते, "उतर रे, गरम आहे तोवर खाऊन घे." मग माझ्याकडे वळून गोड आवाजात, "तुम्ही बघाल ना जरा दोन्हीकडे?" तो खाली बसून जेवतो आणि मी खोल-उथळ दोन्हीकडे मान वळवत उभी. माझा स्वतःचा डबा मी संध्याकाळी घरी जाऊन खाते. त्याला तोवर वास आलेला असतो.

उत्तर देणार असशील तर दे. नाही दिलंस तरी लिहून मोकळं वाटलं.

तुझी
धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

चक्क चार पानं! पोस्टमनने हातात दिलं तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलं. "असल्या मॅनेजरला भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे, या नात्यागोत्याच्या टोळ्यांनीच सगळं नासवलंय," असं तू लिहिलंस, ते मी मोठ्याने वाचलं. घरात मी एकटीच होते, तरी मोठ्याने. तू माझ्या बाजूने याआधी कधी भांडलास ते आठवून बघितलं, आठवलं नाही. असो, आता भांडलास.

आता खाली लिहिते ते वाचून घाबरू नकोस, सगळं निभावलं आहे.

मंगळवारी दुपारी मॅनेजरच्या घरची पोरं पोहायला आली होती. त्यांना तिकीट नसतं, वेळ नसते, टोपी घालायचा नियम नसतो. साहेबांनी मला खिडकीतून हाक मारली, "मॅडम, पोरांच्या ट्यूबमध्ये जरा हवा भरून द्या." मी म्हटलं, खाली पोहणारे आहेत. ते म्हणाले, "तो आहे ना खुर्चीवर!" मी गेले. पंपाच्या खोलीत बसून बदकाच्या तोंडाची ट्यूब फुगवत होते.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. एक शिट्टी म्हणजे कुणीतरी पळतंय. ही थांबेचना. सलग, चहाच्या किटलीसारखी. मी बदक टाकून पळाले.

कोपऱ्यावरचा टेलर खोल बाजूला बुडत होता. अंगाने भारी माणूस, दोन महिन्यांपासून शिकतोय, त्या दिवशी धीर करून कठडा सोडला आणि पायात गोळा आला. डोकं एकदा वर आलं, तोंड उघडं, आवाज नाही. आणि गॉगल खुर्चीखाली उभा, हातात रिंग घट्ट धरलेली, तोंडात शिट्टी. त्याने रिंग फेकलीसुद्धा नाही दादा! छातीशी कवटाळून उभा होता. जणू बुडत तोच होता.

मी कपड्यांसकट उडी मारली. टेलरने मला मिठी घातली, बुडणारा घालतो तशी, मग दोघंही खाली. मी त्याची पकड सोडवली, मागून हनुवटी धरली, ओढत काठाशी आणला. वर घेताना हात कमी पडत होते. मी ओरडले, "अहो, धरा!" तेव्हा कुठे गॉगलने वाकून एक मनगट धरलं. फरशीवर पालथं केल्यावर टेलर माझ्या मांडीवर ओकला. पाणी, दुपारचं जेवण, सगळं. मग रडला. मला इतकं बरं वाटलं त्या ओकण्याचं की विचारू नकोस.

मॅनेजर खाली आले. आधी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काही झालं नाही ना?"

टेलरला दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून सोडलं. मी घरी येऊन अंघोळ केली, परत केली. ओकारीचा वास केव्हाच गेला होता. साहेबांचा तो खांद्यावरचा हात जात नव्हता.

वहिनीला आणि तुझ्या लेकीला आशीर्वाद. तिचं शिक्षण संपलं ना आता?

तुझी
धाकटी


१९ मार्च

प्रिय दादा,

"आता तरी त्याला हाकलला असेल" असं तू लिहितोस. हाकलला नाही. सत्कार केला.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी तलावाच्या काठावर खुर्च्या मांडल्या. फलक लावला: "प्रसंगावधानी जीवरक्षकाचा गौरव." गॉगलचा हसरा फोटो, शेजारी मॅनेजरचा, जरा मोठा. मला वाटलं, त्याचा आणि माझा एकत्र सत्कार असेल. तशी वेडी आशा होती म्हण. मी इस्त्रीचे कपडे घालून गेले. साहेब म्हणाले, "बरं झालं लवकर आलात. पुष्पगुच्छाचं तबक तुम्ही धरा."

मी धरलं. का धरलं ते विचारू नकोस. हातात कुणी तबक दिलं की आपण धरतोच.

साहेबांनी भाषण केलं. वेळेवर वाजवलेल्या एका शिट्टीने एक संसार वाचला म्हणाले. माझ्याबद्दल एक वाक्य आलं: "इतर कर्मचाऱ्यांनीही साहाय्य केलं." मी इतर कर्मचारी. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने डोळ्यांना रुमाल लावला.

मग टेलरला बोलायला उभं केलं. तो माईकपाशी आला, माझ्याकडे बघितलं. मी त्याला मान हलवून धीर दिला, माणूस मरता मरता वाचलेला. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मॅनेजर साहेबांचे आणि त्यांच्या मेहुण्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत." आणि बसला. नंतर कळलं, तलावावरच्या सगळ्यांचे नवे गणवेश शिवायचं काम त्याला मिळालंय. माझं माप घ्यायला आला तेव्हा टेपवरची नजर न उचलता म्हणाला, "ताई, राग मानू नका, पोटापाण्याचं आहे." मी म्हटलं, "छातीचं माप नीट घ्या, मागच्या वेळी घट्ट झालं होतं." दुसरं काय बोलणार? त्याला मारायचं म्हटलं तर मीच वाचवलेला.

पण मला किळस आली ती कशाची, ऐक.

समारंभानंतर मी शॉवरच्या खोलीत फरशी पुसत होते. गॉगल आत आला. चष्मा हातात होता. डोळे बघितले नव्हते मी कधी त्याचे. अगदी पोरसवदा डोळे, सुजलेले.

"ताई, मला शिकवाल? पहाटे, कुणी यायच्या आधी. मी लहान असताना विहिरीत पडलो होतो. पाय ओला झाला तरी छातीत धडधडतं. मी भावोजींना सांगितलं होतं, मला नका घेऊ तिथे. ते म्हणाले, बसायचंच तर काम आहे."

मी हो म्हटलं. रागाच्या भरात नाही म्हणणार होते, पण तोंडातून हो गेलं. दोन दिवस तो पहाटे आला, उथळ पाण्यात कठड्याला धरून पाय मारले, तोंड बुडवून फुगे काढले. चाळिशीच्या बायका शिकतात तसाच शिकत होता, जरा जास्त भीत भीत, एवढंच. तिसऱ्या दिवशी साहेब काठावर उभे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बंद करा. कुणी बघितलं तर? सत्कार झालाय त्याचा!"

म्हणजे शिकलेला चालणार नाही, शिकताना दिसेल म्हणून! न शिकता खुर्चीवर बसलेला चालेल. मेहुण्याच्या प्रेमापोटी करतात असं इतके दिवस वाटत होतं. प्रेमही नाही रे. घरात बायकोसमोर ताठ मानेने बसता यावं, एवढंच. त्यासाठी बुडणारे बुडोत, आणि वेळ आली तर तो मेहुणाही.

मी उद्या ट्रस्टच्या अध्यक्षबाईंकडे जाणार आहे. जाऊ ना? तू जा म्हणशील हे माहीत आहे, तरी विचारते. कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

तुझी
धाकटी


११ एप्रिल

प्रिय दादा,

झालं एकदाचं.

अध्यक्षबाईंनी माझं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, मला वाटलं फुकट गेले. पण आठवड्याने निरोप आला: सगळ्या जीवरक्षकांची पुन्हा परीक्षा, समितीसमोर. तळातली वीट.

मी काढली. लंबूने काढली, लंबू म्हणजे आमचा तिसरा, सहा फुटी, पण मॅनेजर दिसले की चार फुटी होणारा. मग साहेबांनी डॉक्टरचं प्रमाणपत्र पुढे केलं. मेहुण्याच्या कानात पाणी गेलं की चक्कर येते म्हणे.

अध्यक्षबाईंनी ते वाचलं. "मग याला तलावावर कशाला ठेवलात? वाचनालयात ठेवायचा."

दोन-चार जण हसले. साहेबही हसले, आपलं मोठेपण दाखवायला. तेवढ्यात गॉगलने चष्मा काढला आणि म्हणाला, "मला चक्कर येत नाही. मला पोहता येत नाही. भावोजींना पहिल्यापासून माहीत आहे."

"गप्प बस! काय बोलतोयस कळतंय का?"

"त्या दिवशी मी नुसती शिट्टी वाजवली. ताईंनी काढलं त्यांना. तुम्ही मला शिकूही दिलं नाहीत." आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याने टेबलावर ठेवली. बाहेर जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. एवढे दिवस त्याला शिव्या घातल्या, पण त्या दिवशी तिथे ताठ उभा राहिलेला तोच एक पुरुष होता.

मॅनेजरला समितीने रजेवर पाठवलंय, परत येतील असं कुणी म्हणत नाही. सामान भरायला आले तेव्हा मला म्हणाले, "काय मिळवलंत? मी काय परक्याचं घर भरलं? बायकोचा भाऊ घरी बसून होता, कामाला लावला. तुम्हाला भाऊ असता तर कळलं असतं."

मी म्हटलं, "मला भाऊ आहे. त्याने तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

दादा, त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. आणि माझा तर हवाच होता.

नवा मॅनेजर मिळेपर्यंत कारभार माझ्याकडे दिलाय. तिकीट खिडकीवरची मुलगी दुसरीकडे लागली, त्यामुळे सध्या तिकिटंही मीच फाडते आणि शिट्टीही मीच वाजवते. दमते, पण दुपारचा डबा दुपारी खाते.

उन्हाळ्यात या ना सगळी. जागा आहे.

तुझी
धाकटी


४ मे

दादा,

तुझं पत्र परवा आलं. अभिनंदन केलंस, आनंद झाला. दुसऱ्या पानावर गेले.

"आता सगळं तुझ्या हातात आहे. खिडकीची जागा रिकामी आहे असं तूच लिहिलंस. जाहिरातबिहिरात काढत बसू नकोस, उगाच गर्दी होते. पोरगी वर्षभर घरात बसून आहे. परक्या कुणाला घेण्यापेक्षा आपलं माणूस बरं, आणि तुलाही सोबत होईल."

मी तुझ्यावर लगेच चिडले असं वाटेल तुला. नाही चिडले. खरं सांगायचं तर वाचता वाचता मी तिला सकाळची पाळी देऊन टाकली होती. दुपारी खिडकीत ऊन येतं म्हणून. कोपऱ्यातला पंखा तिच्याकडे वळवला, मागच्या खोलीत तिची गादी घातली, रविवारी दोघींनी बाजारात जायचं ठरवलं. एवढंच काय, अध्यक्षबाईंना काय सांगायचं तेही मनात जुळवलं: हुशार आहे, विश्वासातली आहे. आठवीनंतर मी तिला बघितलेली नाही! हुशार आहे की नाही मला काय माहीत?

आणि मग माझी मलाच किळस आली. मोरीत जाऊन चूळ भरली, परत भरली. मॅनेजरची किळस आली तेव्हा निदान तो समोर होता, खोलीतून बाहेर पडलं की संपायची. ही कुठून बाहेर पडून संपणार?

एवढे महिने मी तुझी पत्रं उशाशी ठेवून झोपते. नासवलंय म्हणालास, टोळ्या म्हणालास. ते सगळं दुसऱ्याच्या मेहुण्यासाठी होतं का रे? की चार वर्षांनी कार्ड टाकलंस तेव्हाच पोरगी घरात बसलेली होती? याचं उत्तर देऊ नकोस. हो असलं तर मला सोसायचं नाही आणि नाही असलं तर माझा विश्वास बसायचा नाही.

जाहिरात मी काल फाटकावर लावली. मुलाखती वीस तारखेला, अध्यक्षबाई आणि हिशेबनीस घेतील. मी खोलीत नसेन, ते मीच मागून घेतलंय. तिला पाठव. माझ्याकडे उतरू दे, मी तिला जेवू घालीन, पोहायला शिकवीन, मुलाखतीच्या सकाळी स्वतःच्या हाताने वेणी घालून देईन. रांगेत मात्र तिची ती उभी राहील.

तुझी
धाकटी


२५ मे

दादा,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "तुझ्यापेक्षा तो मॅनेजर परवडला, त्याला निदान आपली माणसं कळत होती."

पुढे सही नाही, नाव नाही. अक्षर तुझंच आहे.

वीस तारखेला मी फाटकाशी उभी होते. तू पाठवणार नाहीस हे कळत होतं, तरी येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या चेहऱ्यात वहिनीचं नाक शोधत होते. एकीचं थोडं तसं वाटलं. मी पुढे झाले, तर तिने विचारलं, "मुलाखत इथेच ना?" मी हात करून खोली दाखवली.

मागच्या खोलीत गादी खरोखरच घातली होती, ती मी गुंडाळून ठेवली. तुझ्या पत्रांना हात लावला नाही. फाडावीत असं वाटतं आणि मग ते "भर चौकात" डोळ्यांपुढे येतं. कुणीतरी एकदा माझ्या बाजूने असं लिहिलं होतं, तो कुणीतरी कसाही निघाला तरी. तू परत लिहिशील असं वाटत नाही. लिहिलंस तर हवामानाचं लिही, मी वाचीन.

खिडकीवर आता नवी मुलगी बसते. गणित चोख, जरा फटकळ आहे. काल माझ्याकडेही तिकीट मागितलं तिने. ती कुणाची कोण, मी विचारलेलं नाही.

धाकटी